पहिल्या नोकरीचे पहिले वर्ष : काम सोपवून निर्धास्त होता येईल, असा सहकारी होण्यासाठी

शिक्षण संपवून नोकरीला लागलेल्या बहुतेक तरुणांची अशी समजूत असते की, येथेही हुशारीलाच गुण मिळतील. परीक्षेत उत्तर बरोबर आले की प्रश्न संपतो. नोकरीत मात्र ते उत्तर वेळेत, योग्य माणसाकडे आणि त्याला वापरता येईल अशा रूपात पोहोचावे लागते, आणि वाटेत काही अडले तर तेही वेळीच कळवावे लागते. नव्या माणसाची निवड झाली, तेव्हाच त्याला विषय समजतो हे गृहीत धरलेले असते. त्यानंतर वरिष्ठांच्या मनात एकच हिशेब चालू असतो : याला काम सांगितल्यावर मला ते डोक्यातून काढून टाकता येते, की दर दोन दिवसांनी आठवण करून द्यावी लागते? पहिल्या वर्षात मोठी जबाबदारी कोणाच्या वाट्याला येते आणि कोण किरकोळ कामांतच अडकून पडतो, हे बरेचसे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. ते उत्तर आपल्या बाजूचे कसे करावे, याची पद्धत शिकता येते. ती कामाच्या क्रमाने पुढे मांडली आहे.

रुजू होण्यापूर्वी : नेमणूकपत्र पूर्ण वाचा

आनंदाच्या भरात नेमणूकपत्राच्या शेवटच्या पानावर सही करून मोकळे होऊ नका. पगाराचा एकूण आकडा आणि दरमहा हातात पडणारी रक्कम यांत फरक असतो. त्यातला कोणता भाग निश्चित आहे आणि कोणता कामगिरीवर अवलंबून आहे, हे विचारून घ्यावे. प्रोबेशन, म्हणजे कायम होण्यापूर्वीचा पारखण्याचा काळ, किती महिन्यांचे आहे, नोकरी सोडताना किती दिवसांची नोटीस द्यावी लागेल, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बॉण्ड आहे का, बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का आणि नोकरीत असताना तुम्ही केलेल्या निर्मितीवर हक्क कोणाचा, ही कलमे दोनदा वाचावीत. तोंडी दिलेले आश्वासन पत्रात नसेल, तर ईमेलने नम्रपणे त्याची खातरजमा करून घ्यावी. असे विचारल्याने कोणी नोकरी काढून घेत नाही. पत्राची एक प्रत ऑफिसच्या ईमेलबाहेर, स्वतःजवळ ठेवावी.

पहिले दोन आठवडे : काम कोठून येते आणि कोठे जाते, ते पाहा

या दिवसांत छाप पाडण्याची घाई करण्यापेक्षा तुमच्या टेबलावर येणारे काम कोणाकडून येते आणि तुमच्या हातून गेल्यावर कोणाच्या उपयोगी पडते, हे समजून घ्या. एका कागदावर मध्ये स्वतःचे नाव लिहून डावीकडे काम पाठवणारे आणि उजवीकडे ते वापरणारे अशी नावे मांडावीत. उजवीकडच्या निदान दोन माणसांना भेटून विचारावे, “आमच्याकडून आलेल्या कामात तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?” या एका प्रश्नातून जे कळते, ते अनेकदा प्रशिक्षणातही सांगितलेले नसते. निर्णय कोण घेतो आणि जुनी माहिती कोणाला असते, हीही दोन वेगळी माणसे असू शकतात. दोघांशी चांगला परिचय असावा.

याच काळात काही पद्धती कालबाह्य, काही रकाने निरर्थक आणि काही सह्या अनावश्यक वाटू लागतात. निरीक्षण खरे असू शकते, तरी लगेच सुधारणा सुचवू नये. ती पद्धत केव्हा आणि कोणत्या अडचणीमुळे सुरू झाली, हे आधी विचारावे. कारण कळल्यावरही ती निरुपयोगी वाटली, तर तुमची सूचना अधिक वजनदार होईल. कारण योग्य निघाले, तर एक चूक टळेल. अशा सूचना वहीत तारखेसह लिहून ठेवा. नवख्याला जे खटकते ते सहा महिन्यांनी अंगवळणी पडून दिसेनासे होते, म्हणून ही यादी मौल्यवान असते.

काम अंगावर घेताना : ऐका, लिहा, परत सांगा

संपूर्ण लेखातून एकच सवय उचलायची असेल, तर ती ही. चालता चालता वरिष्ठ सांगतात, “मागच्या तिमाहीच्या तक्रारींचा एक तक्ता करून द्या.” नवखा “हो सर” म्हणून जागेवर येतो, दोन दिवस खपून प्रत्येक तक्रारीची ओळ असलेला लांबलचक तक्ता बनवतो आणि तो पाहून सर म्हणतात, “मला फक्त कोणत्या प्रकारच्या तक्रारी वाढल्या एवढेच हवे होते, तेही सकाळच्या मीटिंगआधी.” येथे आळशीपणा कोणीच केलेला नसतो. काम सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक चित्र होते आणि ऐकणाऱ्याने दुसरेच पूर्ण केले.

हे टाळायचे तर काम घेताना पाच गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. हे कोण वाचणार आहे? त्यावरून कोणता निर्णय व्हायचा आहे? केव्हापर्यंत हवे? ढोबळ चालेल की आकडा न् आकडा तपासलेला हवा? पूर्वी असे केलेले एखादे काम नमुन्यासाठी मिळेल का? पाचही प्रश्न दर वेळी विचारायचे नसतात. ज्याचे उत्तर उघड आहे ते सोडून द्यावेत, पण दुसरा प्रश्न सहसा सोडू नये. निर्णय कळला की तक्त्यात काय घालायचे आणि काय गाळायचे, हे बरेचसे आपोआप ठरते. वरचाच प्रसंग घेतला, तर “यावरून कशाचा निर्णय व्हायचा आहे, सर?” एवढे विचारताच “कोणत्या तक्रारींसाठी जादा माणसे द्यायची ते ठरवायचे आहे” असे उत्तर आले असते आणि दोन दिवसांचे काम दोन तासांत झाले असते.

त्यानंतर समजलेले काम आपल्या शब्दांत परत सांगावे : “म्हणजे तक्रारींचे प्रकार, मागच्या दोन तिमाहींशी तुलना, एक पान, उद्या सकाळी दहापर्यंत. बरोबर?” याच आशयाचा दोन ओळींचा संदेश लेखी पाठवला तर उत्तमच. विमानवाहतुकीत ही गोष्ट सक्तीची आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. दाट धुक्यात, नियंत्रण कक्ष आणि वैमानिक यांच्यातील संदिग्ध शब्दांमुळे एका विमानाने परवानगी मिळालेली नसताना उड्डाणासाठी धाव घेतली होती. त्यानंतर संभाषणाची शब्दयोजना अधिक काटेकोर झाली आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसते “ठीक आहे” न म्हणता तिचा गाभा परत उच्चारण्यावर भर देण्यात आला. कार्यालयातल्या गैरसमजाने कोणाचा जीव जात नसला, तरी तो निर्माण होतो त्याच रीतीने : दोघांनाही वाटते की आपले एकमत झाले आहे.

प्रश्न विचारताना

प्रश्न विचारण्याची भीड आणि ऊठसूट विचारण्याची सवय, दोन्ही घातक आहेत. माझ्या मते भीड अधिक घातक, कारण तिच्यापायी गेलेला वेळ कोणालाच दिसत नाही. अडलात की आधी स्वतः प्रयत्न करावा, परंतु त्या प्रयत्नाला मर्यादा घालावी. सामान्य अडचणीसाठी अर्धा-पाऊण तास पुरेसा असतो. तेवढ्यात मार्ग निघाला नाही तर उठून विचारावे आणि विचारताना तीन गोष्टी सांगाव्यात : काय करायचे होते, काय काय करून पाहिले आणि आता नेमके कोठे अडले. “हे चालत नाही” या वाक्यावर अनुभवी माणसालाही मदत करता येत नाही. तातडीचे नसलेले प्रश्न साठवून दिवसातून एकदा एकत्र विचारले, तर समोरच्याचे काम वारंवार तुटत नाही. मिळालेले उत्तर मात्र त्याच क्षणी लिहून घ्यावे. पहिल्यांदा विचारलेला प्रश्न कुतूहल दाखवतो, तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की बेफिकिरी दिसते.

वेळेचा शब्द देताना

“केव्हा होईल?” या प्रश्नावर नवखा माणूस समोरच्याला बरे वाटेल असे उत्तर देतो. त्यात लबाडी नसते. आपल्या कामाला लागणारा वेळ कमी धरण्याकडे माणसाचा कलच असतो. १९७९ मध्ये डॅनियल कानेमान आणि आमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो पूर्ण होण्यास किती दिवस लागतील हे विचारण्यात आले. त्यांच्या अंदाजाची सरासरी सुमारे ३४ दिवस होती आणि सगळेच बिघडले तर सुमारे ४९ दिवस लागतील असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून अधिक दिवस. सगळे बिघडेल असे धरून केलेला अंदाजही अपुरा पडला.

म्हणून अंदाज कल्पनेवरून करू नये, मागच्या अनुभवावरून करावा. असेच काम पूर्वी केले तेव्हा प्रत्यक्ष किती दिवस लागले, ते पाहावे. स्वतःचा अनुभव नसेल, तर ते केलेल्या सहकाऱ्याला विचारावे. कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेळ मांडावा आणि दुसऱ्यांकडून माहिती मिळण्यासाठी, तपासणीसाठी आणि दुरुस्तीसाठी लागणारा वेळ त्यात धरावा, कारण विसरले जाते ते नेमके हेच. तेथल्या तेथे उत्तर देण्याचे दडपण वाटले, तर “एक तासात पाहून सांगतो” किंवा “सांगते” असे म्हणण्यात कमीपणा नाही. प्रत्येक काम केव्हा संपेल असे सांगितले होते आणि ते खरोखर केव्हा संपले, या दोन तारखा वहीत मांडत गेलात, तर काही महिन्यांत आपण साधारण किती चुकतो हे कळते आणि पुढचा अंदाज त्या मानाने वाढवता येतो.

शब्द दिल्यानंतरचे पथ्य असे, की निम्मा वेळ संपताच थांबून पाहावे : निम्मे काम झाले आहे का? झाले नसेल, तर ही गोष्ट त्याच दिवशी वरिष्ठांच्या कानावर घालावी. उशीर आधी कळला तर तारीख बदलता येते, मदत देता येते, कामाचा काही भाग वगळता येतो. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी कळला, तर वरिष्ठांच्या हातात चिडण्याशिवाय काही उरत नाही.

चूक झाल्यावर : पहिल्या तासाचे महत्त्व

पहिल्या वर्षात चुका होणारच, हे तुमच्या वरिष्ठांनाही ठाऊक असते. त्यांना ठाऊक नसते ते एवढेच, की चूक झाल्यावर तुम्ही सांगाल की लपवाल. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास केला. चांगल्या समूहांत चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा होती, परंतु जेथे नेतृत्व आणि परस्परसंबंध चांगले होते, तेथेच नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या. खोलात गेल्यावर तिच्या लक्षात आले की, त्या ठिकाणी माणसे चुकांविषयी मोकळेपणी बोलत होती, तर इतरत्र त्या झाकल्या जात होत्या.

समजा, ग्राहकांना पाठवायच्या दरपत्रकात तुम्ही जुने दर घातलेत आणि ते पत्रक काही जणांना गेलेही आहे. हे ध्यानात येताच आधी पुढचे नुकसान थांबवा, म्हणजे उरलेली पत्रके रोखा. मग लगेच कळवा : “मॅडम, आज सकाळी पाठवलेल्या दरपत्रकात माझ्याकडून मागच्या वर्षीचे दर गेले आहेत. बारा जणांना ते पोहोचले आहे, उरलेल्यांचे थांबवले आहे. सुधारित पत्रक तयार आहे. त्या बारा जणांना फोन करून ते पाठवू का? जुनी फाइल त्याच फोल्डरमध्ये असल्याने ही गल्लत झाली, ती आता हलवली आहे.” काय झाले, किती पसरले, काय थांबवले, पुढे काय करायचे आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, हे सारे एवढ्यातच आले आहे. लांबलचक क्षमायाचना नाही आणि दुसऱ्याकडे बोट दाखवणेही नाही. नुकसानीचा अंदाज आला नसेल तर तसेच सांगावे, पण माहिती पूर्ण जमेपर्यंत थांबू नये. रागावणे ऐकून घ्यावे लागेल, कदाचित चार माणसांदेखत. तरीही पुढच्या वेळी तुम्ही “सगळे ठीक आहे” म्हणालात, तर त्यावर विश्वास ठेवला जाईल.

लिहिताना : वाचणाऱ्याच्या डोक्यात तुमची धून वाजत नसते

एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग केला. काही जणांनी परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की सुमारे निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली अवघी ३. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल घुमत होती, ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक ऐकू येत होती. कार्यालयातले बहुतेक दुर्बोध ईमेल असेच लिहिले जातात.

ईमेलच्या विषयाच्या ओळीतच काय हवे आहे ते सांगावे. “माहिती” असा विषय लिहिण्याऐवजी “पुरवठादाराच्या निवडीस मंजुरी हवी – गुरुवारपर्यंत” असे लिहावे. पहिल्या वाक्यात मागणी किंवा निष्कर्ष यावा, कारणे त्यानंतर. एकाहून अधिक जणांना पाठवत असाल, तर कोणी काय करायचे ते नावानिशी लिहावे, कारण सर्वांना उद्देशून केलेली विनंती कोणीच आपली मानत नाही. रागाच्या भरात लिहिलेला ईमेल त्या दिवशी पाठवू नये. मीटिंगमध्ये बोलण्याची संधी नसेल, तर तिचे निर्णय टिपण्याचे काम आपणहून घ्यावे : काय ठरले, कोण करणार, केव्हापर्यंत. कनिष्ठ वाटणाऱ्या या कामामुळे सर्व विषय लवकर समजतात आणि पाठपुराव्याच्या निमित्ताने सर्वांशी बोलणे होते.

अभिप्राय मागताना

“माझे काम कसे वाटते?” या प्रश्नाला “चांगले आहे” यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी, काम हातावेगळे झाल्यावर दोन-तीन दिवसांत विचारावे, “या अहवालात एकच गोष्ट बदलायची असती, तर तुम्ही कोणती बदलली असती?” उत्तर ऐकताना स्पष्टीकरण देण्याचा मोह आवरावा, टिपून घ्यावे आणि पुढच्या कामात तो बदल करून दाखवावा. सांगितलेले अमलात येते असे दिसले, की माणसे पुन्हा सांगतात. वाद घालणाऱ्याला सांगणे सोडून देतात.

कामाची नोंद आणि वार्षिक मूल्यमापन

दर शुक्रवारी दहा मिनिटे काढून त्या आठवड्यात काय पूर्ण केले, त्याने काय बदलले आणि काय शिकलो, हे चार ओळींत लिहावे. वर्षाअखेरीस अप्रेझलचा अर्ज समोर येतो, तेव्हा शेवटचे दोन महिनेच तेवढे आठवतात, तुम्हालाही आणि वरिष्ठांनाही. नोंद असली की “मन लावून काम केले” अशा मोघम वाक्याऐवजी “मासिक अहवालाला लागणारे तीन दिवस एका दिवसावर आणले” असे लिहिता येते. नोंदीत कंपनीची गोपनीय माहिती, ग्राहकांची नावे किंवा फाइली उतरवू नयेत. कंपनीचे कागद घरी नेणे हा अनेक ठिकाणी शिस्तभंग ठरतो.

माणसे जोडताना

आपल्या टीमबाहेरच्या माणसांशी ओळख ठेवणे काहींना मतलबीपणाचे वाटते. तसे वाटू देऊ नये. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जवळच्या मित्रांकडून नव्हे, तर अधूनमधून किंवा क्वचितच भेट होणाऱ्या परिचितांकडून कळली होती. जवळच्यांना साधारणतः तेच ठाऊक असते, जे आपल्याला. दूरच्या परिचिताचे वर्तुळ वेगळे असते. त्यासाठी समारंभ गाजवण्याची गरज नाही. दुसऱ्या विभागातल्या माणसाने मदत केली, तर तिचा काय उपयोग झाला हे त्याला आवर्जून कळवावे. एवढेही फार थोडे जण करतात.

सहकाऱ्यांच्या कुजबुजीत मात्र पहिल्या वर्षी भाग घेऊ नये. कोणाचे कोणाशी का बिनसले, हे पूर्ण कळायला पुष्कळ काळ जातो आणि तोवर तुम्ही नकळत एका गटात मोजले गेलेले असता.

नकार देताना

उत्साही नवख्यावर कामे येऊन पडतात आणि “नाही” म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्याला वाटते. थेट नकार न देता निवड समोर ठेवावी : “सर, माझ्याकडे आधीच ही दोन कामे शुक्रवारपर्यंत द्यायची आहेत. नवे काम आधी घ्यायचे असेल, तर त्यांपैकी कोणते पुढे ढकलू?” कामांचा अग्रक्रम ठरवणे वरिष्ठांचे काम आहे. तो ठरवण्यासाठी लागणारी माहिती त्यांना देणे हे तुमचे.

काही गोष्टींत मात्र मधला मार्ग काढायचा नसतो. आकडे फिरवायला सांगणे, न केलेल्या तपासणीवर सही मागणे, अपमान किंवा लैंगिक स्वरूपाची छेडछाड, या प्रसंगी नवखेपणा म्हणून गप्प बसू नये. काय घडले, केव्हा, कोणासमोर, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे, विश्वासातल्या माणसाला सांगावे आणि संस्थेच्या तक्रार यंत्रणेकडे लेखी जावे. तेथे दाद मिळाली नाही, तर कायद्याचा सल्ला घ्यावा. अशा नोकरीतून लवकर बाहेर पडणे हे अपयश नव्हे.

नोकरी सोडताना

पहिली नोकरी शेवटची असणार नाही. जाण्याचा निर्णय झाल्यावर तो सर्वांत आधी थेट वरिष्ठांना, समक्ष सांगावा. त्यांना तो इतरांकडून कळू नये. नवे नेमणूकपत्र लेखी हाती पडेपर्यंत राजीनामा देऊ नये. नोटीसच्या काळात काम सैल सोडण्याचा मोह होतो, पण पुढे तुमच्याविषयी विचारायला ज्या माणसांना फोन जाणार आहे, त्यांचे मत याच आठवड्यांत तयार होत असते. तुमच्या जागी येणाऱ्यासाठी एक हस्तांतरण टिपण करावे. त्यात चालू कामे व त्यांची सद्यःस्थिती, फाइली कोठे आहेत, कोणत्या कामासाठी कोणाला विचारावे, दर महिन्याला ठरावीक तारखेला करायच्या गोष्टी आणि अर्धवट राहिलेले प्रश्न यावेत. ते सहकाऱ्याच्या हाती देऊन, तुम्हाला काहीही न विचारता त्याला त्यावरून एखादे काम करून पाहायला सांगावे. तो जेथे जेथे अडेल, तेथे टिपणात भर घालावी आणि मगच त्याची अंतिम प्रत वरिष्ठांकडे द्यावी.